नेटवर्क नसतानाही होस्ट आणि गेस्टचं बोलणं: व्हीसॉकशी पहिली ओळख

व्हर्च्युअल मशीन चालू आहे, आत तुमचा एक प्रोग्रॅम चालतोय, आणि होस्टवरून, म्हणजे ते ज्या खऱ्या यंत्रावर चालतंय तिथून, त्याला फक्त "झालं का काम?" एवढंच विचारायचंय. त्यासाठी आपण काय काय करतो बघा. ब्रिज बनवतो, गेस्टला, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनला, आयपी मिळायची वाट बघतो, मिळालेला आयपी शोधत बसतो, फायरवॉलमधून पोर्ट सोडवून घेतो. आणि कुणीतरी गेस्टचं नेटवर्क बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बाजू एकाच लोखंडावर चालत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?

लिनक्समध्ये यासाठी व्हीसॉक नावाची सोय आहे. टीसीपीसाठी जशी एएफ_आयनेट ही सॉकेट फॅमिली, तशी ही एएफ_व्हीसॉक. मुळात व्हीएमवेअरने आणलेली, २०१३ साली लिनक्स ३.९ मध्ये दाखल झालेली. केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, वापरणाऱ्यांना ती २०१६ मध्ये मिळाली: कर्नल ४.८ आणि क्वेमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) २.८. बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट ही सगळी नेहमीचीच कॉल्स. बदलतो तो फक्त पत्ता. आणि माझ्या अनुभवात नवख्या माणसाचा बहुतेक वेळ त्या पत्त्यापायीच जातो, कोडपायी नाही.

इमारतीतला इंटरकॉम डोळ्यांसमोर आणा. बाहेरची लाइन नाही, टेलिफोन कंपनी नाही, तरी खाली गेटवर बोलता येतं. आपला इंटरकॉम जरा कद्रू आहे: फ्लॅटमधून गेटवर आणि गेटवरून फ्लॅटमध्ये, एवढंच. एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये थेट फोन लागत नाही. एका गेस्टने दुसऱ्या गेस्टशी बोलावं अशी तुमची गरज असेल, किंवा दुसऱ्या होस्टपर्यंत पोचायचं असेल, तर सरळ नेटवर्क वापरा. तिथे व्हीसॉकच्या मागे लागू नका.

एक सूचना. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकांतच टाइप करायच्या.

आधी पत्ता समजून घ्या

व्हीसॉकच्या पत्त्याचे दोन भाग असतात: सीआयडी आणि पोर्ट. दोन्ही ३२ बिटांचे आकडे. म्हणजे टीसीपीसारखी ६५५३५ ची मर्यादा पोर्टला नाही. सीआयडी म्हणजे "कुठलं मशीन", पोर्ट म्हणजे "त्या मशीनवरचा कुठला प्रोग्रॅम". १०२४ च्या खालचे पोर्ट टीसीपीप्रमाणेच राखीव आहेत, तिथे बाइंड करायला रूट किंवा तसा खास अधिकार लागतो.

काही सीआयडी ठरलेले आहेत. ० हायपरव्हायजरसाठी, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या थरासाठी, राखून ठेवलाय, त्याला हात लावायचं कारण पडत नाही. १ म्हणजे मी स्वतः, लूपबॅक. २ म्हणजे होस्ट. ३ पासून पुढचे आकडे गेस्टना द्यायचे. शिवाय उणे १, म्हणजे ४२९४९६७२९५, हा "कुठलाही" या अर्थाने बाइंड करताना वापरतात.

यातला २ नीट डोक्यात बसवा. गेस्टच्या आतून २ म्हणजे त्याचा होस्ट, मग त्या गेस्टचा स्वतःचा आकडा काहीही असो. आयपीच्या बाबतीत गेस्टला होस्टचा पत्ता शोधावा लागतो, इथे तो कायमचा पाठ. व्हीसॉकची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. गेस्टमधला प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर नेऊन टाका, "होस्टला सांग" या वाक्याचा पत्ता बदलत नाही.

होस्टची तयारी

होस्टवर लागतं ते व्हीहोस्ट_व्हीसॉक हे कर्नल मॉड्यूल. "सुडो मॉडप्रोब व्हीहोस्ट_व्हीसॉक" चालवा आणि मग /डेव्ह/व्हीहोस्ट-व्हीसॉक ही फाइल दिसते का ते बघा. दिसली, की होस्टचं काम झालं. क्वेमू साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवणार असाल तर ती फाइल उघडायची परवानगी त्या वापरकर्त्याला आहे ना, हेही "एलएस -एल" करून आत्ताच बघून घ्या. नंतर क्वेमू सुरू होताना कुरकुर करेल त्यापेक्षा हे बरं.

गेस्टला आकडा द्या

क्वेमू थेट चालवत असाल तर आज्ञेच्या शेवटी एवढं जोडायचं:

-डिव्हाइस व्हीहोस्ट-व्हीसॉक-पीसीआय,गेस्ट-सीआयडी=३

लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं साधन) वापरत असाल तर "व्हर्श एडिट" करून डिव्हायसेसच्या भागात व्हीसॉक नावाचा घटक टाका, मॉडेल व्हर्टआयओ. त्याच्या आतल्या सीआयडी घटकाला ऑटो "येस" दिलंत तर लिबव्हर्ट स्वतः मोकळा आकडा निवडतं. ऑटो "नो" करून ॲड्रेसमध्ये तुमचा आकडाही देता येतो. मी ऑटोच ठेवतो आणि मशीन चालू झालं की "व्हर्श डम्पएक्सएमएल" मधून कुठला आकडा मिळाला ते वाचतो.

हाताने आकडे का देत नाही, त्याची एक गोष्ट आहे. एकदा चालू मशीनची सुरुवातीची स्क्रिप्ट उचलून मी दुसऱ्या मशीनसाठी वापरली. डिस्कचं नाव बदललं, मेमरी बदलली, सीआयडी तसाच राहिला. क्वेमू म्हणालं, "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज". हे वाक्य इतक्या वर्षांत पोर्टच्या संदर्भातच वाचलेलं, त्यामुळे मी तासभर कुठला प्रोग्रॅम कुठलं पोर्ट अडवून बसलाय हेच शोधत राहिलो. त्याच आज्ञेत एसएसएचसाठी एक टीसीपी पोर्टही होतं, मग संशय दुसरीकडे जाणार कसा? संदेशाच्या आधी "अनेबल टू सेट गेस्ट सीआयडी" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ओळीचा शेवटच वाचत होतो.

एका होस्टवर एक सीआयडी एकाच गेस्टला, हा नियम.

गेस्टच्या आत डोकावा

गेस्ट चालू झाल्यावर आत जाऊन "एलएसमॉड" मध्ये व्हीसॉक शोधा. व्हीएमडब्ल्यू_व्हीसॉक_व्हर्टआयओ_ट्रान्सपोर्ट असं लांबलचक नाव दिसायला हवं. केव्हीएमच्या गेस्टमध्ये हे "व्हीएमडब्ल्यू" कुठून आलं म्हणून दचकू नका. सगळा व्हीसॉक व्हीएमवेअरच्या घरून आल्यामुळे ते आडनाव चिकटलंय. हल्लीच्या वितरणांत हे मॉड्यूल आपोआप चढतं. नाही चढलं तर मॉडप्रोबने चढवा. अगदी कापून छोट्या केलेल्या क्लाउड इमेजमध्ये मात्र ते मॉड्यूलच नसण्याची शक्यता असते, तेव्हा दुसरं कर्नल पॅकेज टाकावं लागतं.

पहिला निरोप

कोड लिहिण्याआधी तयार हत्यारांनी लाइन तपासून घ्या. सोकॅटच्या १.७.४ या आवृत्तीपासून आणि एनकॅटच्या ७.८० पासून व्हीसॉक चालतं. गेस्टमध्ये:

सोकॅट - व्हीसॉक-लिसन:५०००

आणि होस्टवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये:

सोकॅट - व्हीसॉक-कनेक्ट:३:५०००

होस्टवर काहीतरी टाइप करून एंटर मारा, गेस्टच्या पडद्यावर ती ओळ उमटेल. उलटही होईल. आता भूमिका बदला: होस्टवर लिसन, गेस्टमधून कनेक्ट. यावेळी कनेक्टमध्ये ३ नाही, २ लिहायचं, कारण आता पत्ता होस्टचा आहे. या जागी नवे लोक हटकून चुकतात. आपला स्वतःचा सीआयडी लिहितात आणि काही लागत का नाही म्हणून बघत बसतात. कनेक्टमध्ये लिहायचा तो नेहमी समोरच्याचा पत्ता.

दोन्ही दिशा चालल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग स्वतःचा प्रोग्रॅम

पायथॉनमध्ये ३.७ पासून एएफ_व्हीसॉक आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. गेस्टमधला ऐकणारा प्रोग्रॅम असा उभा राहतो. सॉकेट मॉड्यूल आणा. सॉकेट बनवताना फॅमिली एएफ_व्हीसॉक आणि प्रकार सॉक_स्ट्रीम द्या. बाइंड करताना आयपी आणि पोर्टची जोडी देतो तशीच इथे सीआयडी आणि पोर्टची जोडी द्यायची: पहिल्या जागी व्हीएमॲडर_सीआयडी_एनी हा तयार स्थिरांक, दुसऱ्या जागी ५०००. मग लिसन, मग ॲक्सेप्ट. होस्टवरच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तेच सॉकेट, आणि कनेक्टला ३ व ५००० ची जोडी. दोन्ही मिळून पंधरा ओळीही होत नाहीत.

गेस्टने बाइंड करताना स्वतःचा सीआयडी लिहू नये, "एनी" च लिहावं. उद्या त्या मशीनचा आकडा बदलला तर कोडला हात लावावा लागत नाही. लिबव्हर्टने ऑटो आकडा दिला असेल तर तो खरोखरच बदलू शकतो.

ॲक्सेप्ट जे परत देतं त्यात समोरच्याचा सीआयडीही असतो. तो नोंदवून ठेवा, सुरक्षेच्या वेळी लागेल.

आता एक खड्डा, जो व्हीसॉकचा नाही, सगळ्याच स्ट्रीम सॉकेटचा आहे. पण "हे तर एकाच मशीनच्या आतलं" या भरवशावर माणूस इथे बेसावध होतो. तुम्ही एका वेळी ४००० बाइट पाठवलेत म्हणून समोर ते एका रिसीव्हमध्ये येतील असं नाही. १०२४ चे तुकडे पडतील, दोन निरोप चिकटून येतील, काहीही होईल. निरोपाची हद्द तुम्हीच आखायची असते. मजकूर असेल तर प्रत्येक निरोपाच्या शेवटी नवी ओळ, नाहीतर आधी चार बाइटांत लांबी आणि मग मजकूर. कर्नल ५.१४ पासून व्हर्टआयओवर सॉक_सेकपॅकेट हा प्रकारही मिळतो, त्यात हद्दी कर्नलच सांभाळतो. पण दोन्ही बाजूंची कर्नल तेवढी नवी असेल याची खात्री असेल तरच त्यावर विसंबा. मी अजून लांबीवालीच पद्धत वापरतो. जुनी आहे, कुठेही चालते.

आणि गेस्ट रीबूट झाला की जोडणी तुटणार, हे गृहीत धरून पुन्हा जोडायची सोय पहिल्याच दिवशी कोडमध्ये घाला.

गेस्ट हाताशी नसेल तरी कोड तपासता येतो. कर्नल ५.६ पासून व्हीसॉक_लूपबॅक हे मॉड्यूल आहे. ते चढवलं की सीआयडी १ वापरून एकाच मशीनवर ऐकणारा आणि बोलणारा दोन्ही चालवता येतात. स्वयंचलित चाचण्यांसाठी हे फार सोयीचं, प्रत्येक वेळी मशीन उभं करायला नको.

लाइन लागत नाही तेव्हा

व्हीसॉकचे एरर टीसीपीच्या सवयीने वाचलेत तर फसाल.

"कनेक्शन रीसेट बाय पीअर" हा त्यातला अस्सल. टीसीपीवर समोर कुणी ऐकत नसेल तर "कनेक्शन रिफ्यूज्ड" येतं. व्हर्टआयओ व्हीसॉकवर त्याच परिस्थितीत "रीसेट" येतं. आपल्याला वाटतं जोडणी झाली आणि मग तुटली, समोरचा प्रोग्रॅम कोसळला असणार. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम सुरूच केलेला नसतो, किंवा पोर्टचा आकडा चुकलेला असतो. ही बातमी खरं तर चांगली आहे, कारण गेस्टच्या कर्नलपर्यंत निरोप पोचला, डिव्हाइस आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत.

होस्टवरून "नो सच डिव्हाइस" आलं तर त्या सीआयडीचा गेस्टच चालू नाही, किंवा मॉड्यूल चढलेलं नाही. गेस्टमधून आलं तर बहुधा गेस्टला व्हीसॉक डिव्हाइसच दिलेलं नाही.

"कनेक्शन टाइम्ड आउट" यायला नेहमीसारखा मिनिटभर वेळ लागत नाही. मूळ मुदत दोन सेकंदांचीच असते. गेस्टला डिव्हाइस आहे पण आतली बाजू अजून जागी झालेली नाही, मशीन बूट होतंय किंवा ड्रायव्हर चढलेला नाही, अशा वेळी हे दिसतं. मशीन सुरू केल्याबरोबर कनेक्ट करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायची ओळ हवी.

बाइंड करताना "परमिशन डिनाइड" म्हणजे १०२४ खालचं पोर्ट. "ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड" म्हणजे व्हीसॉक मॉड्यूलच नाही. आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये सॉकेट बनवतानाच "ऑपरेशन नॉट परमिटेड" येत असेल तर कोडमध्ये चूक शोधू नका. डॉकरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ सेककॉम्प प्रोफाइलच (कुठले सिस्टिम कॉल चालतील ते ठरवणारी यादी) एएफ_व्हीसॉक अडवतं.

आणखी एक प्रकार जुन्या कर्नलवरचा. तुमचा होस्ट स्वतःच व्हीएमवेअरवरचा गेस्ट असेल, म्हणजे मशीनच्या आत मशीन, तर व्हीहोस्ट_व्हीसॉक चढवताना "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" येऊ शकतं. कर्नल ५.५ च्या आधी व्हीसॉकला एका वेळी एकच वाहक (ट्रान्सपोर्ट, म्हणजे प्रत्यक्ष निरोप नेणारा ड्रायव्हर) चालत असे, आणि व्हीएमवेअरचा वाहक ती जागा आधीच धरून बसलेला असे. ५.५ पासून वरच्या (होस्टकडच्या) आणि खालच्या (गेस्टकडच्या) दिशेला वेगवेगळे वाहक चालतात.

कोण कुठे ऐकतंय हे बघायला "एसएस --व्हीसॉक -ए" आहे. त्याहून खोल जायचं असेल तर व्हीसॉकमॉन नावाचा खोटा इंटरफेस बनवा: "आयपी लिंक ॲड टाइप व्हीसॉकमॉन", मग "आयपी लिंक सेट व्हीसॉकमॉन० अप", आणि त्यावर टीसीपीडम्प लावा. निरोपागणिक कुठून कुठे काय गेलं ते दिसतं. ही सोय कर्नल ४.१२ पासूनची.

दारात कुलूप नाही, हे लक्षात ठेवा

आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्सचे नियम व्हीसॉकला लागत नाहीत. युनिक्स सॉकेटला असतात तशा फाइलच्या परवानग्याही इथे नाहीत. होस्टवरचा कुठलाही साधा वापरकर्ता सीआयडी ३, पोर्ट ५००० ला कनेक्ट करू शकतो. गेस्टमधली कुठलीही प्रक्रिया होस्टवरच्या तुमच्या ऐकणाऱ्याला गाठू शकते. "नेटवर्कवर नाही म्हणजे सुरक्षित" असं समजून पासवर्डशिवाय रूटचे अधिकार चालवणारी सेवा यावर उघडी ठेवलेली मी पाहिलीय. तसं करू नका.

भरवसा ठेवावा अशी एक गोष्ट मात्र आहे. होस्टवर ॲक्सेप्टने दिलेला समोरचा सीआयडी गेस्टला खोटा सांगता येत नाही, कारण पाठवणाऱ्याचा आकडा त्या गेस्टला दिलेल्या आकड्याशी जुळला नाही तर होस्टचा कर्नल तो निरोप टाकून देतो. म्हणून होस्टवरच्या सेवेने आधी तो आकडा तपासावा आणि ओळखीच्या गेस्टचा नसेल तर जोडणी बंद करावी. त्यावरून कुठलं मशीन ते कळतं; मशीनच्या आत कोण, ते मात्र कळत नाही. त्याला टोकन किंवा टीएलएस हवंच.

क्वेमू सोडून इतर ठिकाणी

फायरक्रॅकर या छोटी व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेस्टच्या आत हेच व्हीसॉक दिसतं, पण होस्टच्या बाजूला युनिक्स सॉकेट असतं. होस्टवरून त्या सॉकेटला जोडून आधी "कनेक्ट ५०००" अशी एक ओळ, रोमन कॅपिटल अक्षरांत, पाठवायची. "ओके" आणि एक आकडा आला की पुढे तुमचं बोलणं सुरू. उलट दिशेला गेस्टने होस्टच्या ५००० ला हाक मारली, तर फायरक्रॅकर त्याच सॉकेटच्या नावापुढे _५००० लावलेली फाइल शोधतं, तिथे तुम्ही ऐकत बसलेलं असायला हवं. त्यामुळे इथे फाइलच्या परवानग्या आपोआप मिळतात, हा फायदा.

हायपर-व्हीवर, म्हणजे विंडोजच्या हायपरव्हायजरवर, लिनक्स गेस्टला कर्नल ४.१४ पासून एचव्ही_सॉक हा वाहक मिळतो. गेस्टच्या आत पोर्टचा आकडाच, पण विंडोजच्या बाजूला पोर्टऐवजी जीयूआयडी (१२८ बिटांचा ओळख-आकडा) असतो, आणि पोर्टचा आकडा त्या जीयूआयडीच्या पहिल्या भागात हेक्साडेसिमलमध्ये बसवलेला असतो. ॲमेझॉनच्या नायट्रो एन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पालक मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त मशीनमध्ये, तर बाहेरच्या जगाशी बोलायला व्हीसॉकशिवाय दुसरी वाटच ठेवलेली नाही. तिथे एक गोष्ट सांभाळा: एन्क्लेव्हच्या आतून पालक मशीनचा सीआयडी २ नाही, ३ आहे.

रोजच्या कामातल्या दोन युक्त्या

गेस्टमध्ये व्हीसॉकवर ऐकणारी एखादी वेब सेवा असेल आणि ती होस्टच्या ब्राउझरमध्ये उघडायची असेल, तर मध्ये सोकॅट बसवा:

सोकॅट टीसीपी-लिसन:८०८०,बाइंड=१२७.०.०.१,फोर्क व्हीसॉक-कनेक्ट:३:५०००

ब्राउझरला टीसीपी दिसतं, गेस्टला व्हीसॉक, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. "बाइंड" चा भाग गाळू नका, नाहीतर ते पोर्ट साऱ्या नेटवर्कला खुलं होईल. "फोर्क" गाळलंत तर पहिल्या जोडणीनंतर सोकॅट बंद पडेल.

दुसरी एसएसएचची. सिस्टिमडी २५६ पासून, गेस्टमध्ये एसएसएच सर्व्हर बसवलेला असेल तर तो व्हीसॉकच्या पोर्ट २२ वर आपोआप उपलब्ध होतो. होस्टवरही तेवढीच नवी सिस्टिमडी असेल तर "एसएसएच रूट@व्हीसॉक/३" एवढ्यावर आत शिरता येतं. की किंवा पासवर्ड अर्थातच लागतो. होस्टवर सिस्टिमडी जुनी असेल तर एसएसएचच्या प्रॉक्सीकमांडमध्ये "सोकॅट - व्हीसॉक-कनेक्ट:३:२२" लिहा.

आत शिरलात की एक गंमत करून बघा. "आयपी लिंक सेट ईटीएच० डाउन" असं म्हणून गेस्टचं नेटवर्क बंद करा. इंटरफेसचं नाव तुमच्याकडे वेगळं असेल तर ते टाका. साध्या एसएसएचने शिरलेला माणूस इथे स्वतःचीच फांदी तोडून बसतो. तुम्ही एंटर मारा. प्रॉम्प्ट पुढच्या ओळीवर येईल.